दोडक्याचं वजन

ज्या मांडवाला हत्ती बांधून दाखवायची पैज सोनाजीनं लावली होती, तो मांडव एका दोडक्यानं मोडला. दोडका काही राक्षसी नव्हता. पाव किलोचा, फार तर वर एक लिंबू ठेवा. सकाळचे आठ वाजले होते, जनकाबाई परसात टोपली घेऊन उभी होती, सोनाजी ओट्यावर बशीतला चहा फुंकत होता, आणि टक् असा आवाज झाला. मोठा नाही. सुपारी फोडल्यासारखा. कळमनुरीच्या त्या गल्लीत त्या वेळी चार घरचे मिक्सर चालू होते, नांदेडच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, शेजारीण नवऱ्याच्या सात पिढ्या काढत होती; असला आवाज कुणाच्या कानाला लागायचं कारण नव्हतं. सोनाजीच्या लागला. बशी कलंडून चहा मांडीवर सांडला, मांडी पोळली, हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

"ह्ये बघा तुमचा हत्तीचा मांडव," जनकाबाई हसून म्हणाली. "दोडका तोडाया हात लावला तं आडवा अँगलच लोंबला. माह्या तुराट्या काय वाईट होत्या?"

जन्मभर तिनं वेल तुराट्यांवरच चढवले होते. तुरीची वाळकी खोडं रोवायची, वर पऱ्हाटीच्या काटक्या टाकायच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधायचं. दरसाल वाऱ्यानं पडायचं, दरसाल पुन्हा बांधायचं. दोन वर्षांपूर्वी सोनाजीनं ते सगळं चुलीत घातलं आणि परसात लोखंड उभं केलं. टमाट्याला गोल कड्या, कारल्याला शिडी, दोडक्याला चार पायांचा मांडव. 'आता भूकंप झाला तं घर पडंल, दोडका जागचा हलनार न्हाई,' असं त्यानं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं. वेलानं मात्र उन्हाळभर त्या लोखंडाला हात लावला नाही. तापलेल्या अँगलवर वेलाची कोवळी टोकं करपून जात. शेवटी जनकाबाईनंच कुणाला न सांगता सगळ्या लोखंडाला चिंध्या गुंडाळल्या, तेव्हा कुठं वेल वर चढला. आज अँगल एका टोकानं सुटला तरी जमिनीवर आला नव्हता, तो त्या चिंध्यांवर लटकला होता. सोनाजी जवळ गेला. त्याला बघायचं झालं की तो थोडं बाजूला बघतो. डोळ्यांपुढं मधोमध एक राखाडी टिकली आहे, बंद्या रुपयाएवढी, आणि ज्याच्याकडं बघावं ते नेमकं तिच्याखाली जातं. माणसाचा चेहरा पाहायचा तर कानाकडं पाहावं लागतं. म्हणून त्यानं बघायचं सोडून अंगठा लावला. तुटलेल्या टोकावर अंगठा फिरवला. वेल्डिंगच्या रॉडचा वितळलेला थर सगळाच्या सगळा एका अँगलवर जाऊन बसला होता, चांगला जाड, मांडीवर झोपलेल्या मांजरासारखा. दुसऱ्या अँगलची कड कारखान्यातून आली तशी, कोरीच. मध्ये काय होतं? अंगठ्याला पांढरा भुगा लागला. दाण्याच्या कुटासारखा. त्यानं तो चटकन मातीत चोळला.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. गंजला असंल."

आता सोनाजीचा जोड तुटला ही गोष्ट कळमनुरीत सांगितली असती तर लोकांनी सांगणाऱ्याचंच डोकं तपासलं असतं. चाळीस वर्षं नांदेड रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि त्यातली तीस वर्षं तरी एका हातानं वेल्डिंग आणि तोंडानं वेल्डिंगच्या कथा अशी दोन्ही कामं बरोबरीनं चालली होती. प्रत्येक कथेची सुरुवात ठरलेली: 'आता ह्ये खरं सांगतो.' खरं हे की एकदा वावटळ आली, सोमेश्वर सावकाराच्या जागेची भिंत पडली, पण सोनाजीनं बसवलेलं फाटक उभं राहिलं. आणि सावकार पुढं सहा महिने, चारी बाजूंनी मोकळ्या जागेत, कुलूप काढून फाटकातूनच आत जायचा. खरं हे की पोलिसांची जीप त्याच्या खांबाला धडकली तेव्हा खांबावरचा रंगसुद्धा उडाला नाही आणि जीप मात्र पुढं रिक्षा म्हणून विकावी लागली. आणि सगळ्यांत खरं म्हणजे हत्ती. औंढ्याच्या नागनाथाला निघालेल्या साधूंचा हत्ती दुकानासमोर थांबला, माहुतानं त्याला सोनाजीच्या लोखंडी खुंट्याला बांधलं, पलीकडं उसाची गाडी बघून हत्तीनं जोर लावला, लावला, आणि शेवटी थकून खाली बसला आणि लहान लेकरावानी रडला. पहिल्या वेळी हत्ती एक होता. गेल्या पाच-सात वर्षांत दोन झाले होते. लोकांना हे ठाऊक होतं आणि लोक त्यासाठीच येत. सोनाजीची सगळ्यांत आवडती कथा मात्र स्वतःच्या कानाची होती. वेल्डिंग बघून करतात ते शिकाऊ, तो म्हणायचा, मी ऐकून करतो. रॉड नीट चालत असला की कढईत भजी पडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. आवाज फुटला की समजायचं जोड फुटला. तोंडापुढं काळ्या काचेची पाटी धरणं हे भित्र्यांचं काम. तो उघड्या डोळ्यांनी टाका मारायचा, संध्याकाळी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचा, सकाळी पुन्हा तेच. ऐन उमेदीत बटाटा पुरला. नंतर पुरेना. नांदेडचा डॉक्टर म्हणाला की पडद्याचा मधला भाग जळालाय, ह्याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. "जेवढा उजेड बघायचा तेवढा तुम्ही बघून घेतला, बाबा." सोनाजीला तो डॉक्टर आवडला होता, बोलायची पद्धत त्याच्यासारखीच होती. घरी येऊन त्यानं जनकाबाईला सांगितलं, डोळ्यात कचरा व्हता, काढला.

त्यानंतर त्यानं जिना केला.

ह्या दोन गोष्टी सोनाजीच्या मनात आजवर अशा शेजारी शेजारी आल्या नव्हत्या. डॉक्टर एका कोपऱ्यात होता, जिना दुसऱ्या. मधली भिंत आज एका दोडक्यानं पाडली. विहारावर वरचा मजला चढला होता, तिथं पोरापोरींसाठी अभ्यासिका करायची ठरली होती, आणि बाहेरून जिना पाहिजे होता. सगळ्यांनी वर्गणी दिली, सोनाजीनं हात दिले. एकवीस पायऱ्या, मध्ये एक वळण, दोन्ही बाजूंना कठडा. उरलेल्या अँगलचा त्याच आठवड्यात जनकाबाईचा मांडव केला. तेच रॉड, तोच हात, तीच राखाडी टिकली. आणि तीच पुट्टी. परसात उभ्या उभ्या त्याला जिन्याखालची ती दुपार जशीच्या तशी अंगावर आली. पाठीखाली तापलेली फरशी, तोंडावर पडणाऱ्या ठिणग्या, निंबाचा वास, आणि कानात भज्यांचा खमंग, एकसारखा आवाज. आवाजात काही खोट नव्हती. पण कान सांगतो की लोखंड वितळून राहिलंय; कुठलं लोखंड ते सांगत नाही. हे त्याला त्याच दुपारी समजलं होतं. तिसऱ्या पायरीखाली अंगठा फिरवला तेव्हा रॉड जोडाच्या शेजारून गेलेला लागला. बोटभर बाजूनं, सरळ, सुंदर. त्यानं पुन्हा मारला. पुन्हा बाजूनं. मग तो थोडा वेळ पडून राहिला. मग उठला, पुट्टीचा डबा आणला, फट भरली, बोटानं सारखी केली, वर रेड ऑक्साईड, त्यावर निळा रंग. एका जोडानं काय होतंय, बाकीचे तीन हायेत ना, असं स्वतःला म्हणाला. आणि मग पुढच्या पायरीला अंगठा फिरवलाच नाही. रॉड मारायचा, पुट्टी फिरवायची. किती ठिकाणी तिच्या आत लोखंड लोखंडाला धरून आहे आणि किती ठिकाणी नुसतं शेजारी उभं आहे, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, त्यालासुद्धा नाही.

"आबा, येते!" आतून नात ऐश्वर्या सॅक पाठीला लावत बाहेर आली. तिचे आईबाप पुण्याला कंपनीत, आणि ही इथं पोलीस भरतीची तयारी करून राहिली होती. पहाटे मैदानावर पळायचं, मग दिवसभर अभ्यासिका. तिच्या पावलांचा दणका घरभर ऐकू यायचा, आणि सोनाजीला त्याचा अभिमान होता.

"आज घरी कर ना अभ्यास," तो म्हणाला.

"काहून?"

"कसंतरी वाटून राह्यलंय."

"मंग आजीला सांगा सुंठीचा काढा द्यायला." ती त्याच्या कानाशी वाकली. "आबा, दोन महिने राह्यले परीक्षेला. घरात आजीची मालिका, तुमचे हत्ती. कुठं वाचू?" आणि गेली. सोनाजी मनातल्या मनात तिच्याबरोबर चालत गेला. चौक, पिंपळ, विहाराचं फाटक, आणि मग दण दण दण, ती नेहमी दोन दोन पायऱ्या एकदम चढते.

त्या दुपारी तो विहारात गेला. अभ्यासिकेचं सगळं बघायचे ते रविंद्र मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे, सरळ माणूस. वाटेत सोनाजीनं वाक्य तयार केलं होतं. मास्तर, जिन्यात पुट्टी हाय. चार शब्द. पिंपळापर्यंत ते तोंडात नीट बसलं होतं. फाटकातून आत गेल्यावर जिन्याशेजारी भिंतीवर लावलेली पाटी त्याला दिसली नाही, पण ती कुठं आहे हे ठाऊक होतं. धम्मदान म्हणून हा जिना, आणि खाली त्याचं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. बाप दगडोबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर राबला. त्याचं नाव रंगानं कुठं लिहिलं गेलं ते फक्त या पाटीवर.

"जय भीम, सोनाजीबाबा! या. काय म्हणता?"

"जय भीम. मास्तर, त्या जिन्याचं... माह्या डोळ्याला दिसत न्हाई."

"वय झालं, बाबा."

"आता न्हाई. तवाबी दिसत नव्हतं. जिना केला तवा. जोड कच्चे असतील. पोरायला वर जाऊ देऊ नका."

 मास्तरांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. "बाबा, उद्घाटनाला माइकवर तुमीच म्हनले व्हते की! 'आता ह्ये खरं सांगतो, ह्यो जिना म्या डोळे मिटून जोडलाय.' टाळ्या आठवत न्हाईत का? शाल कोनाला घातली मग?"

आठवत होत्या. तो म्हणाला होता. तेव्हा ते बोलताना अंगावर काटा आला होता, चोरानं भर बाजारात चोरी सांगावी आणि बाजारानं त्याला खांद्यावर घ्यावं तसा. "मास्तर, आता ह्ये खरं सांगतो—" तो म्हणाला, आणि मास्तरांनी हात जोडले. "बास, बाबा! हसून हसून पोट दुखाया लागलं." पुट्टी हा शब्द त्याच्या टाळ्याला चिकटून बसला होता. ओली असती तर खरवडून काढता आली असती.

मास्तर हसले खरे, पण कामचुकार नव्हते; म्हाताऱ्याच्या समाधानासाठी त्यांनी हिरासिंगला बोलावलं. हिरासिंग सोनाजीच्याच दुकानात शिकलेला, आता त्याचं स्वतःचं दुकान चार माणसांचं. तो आला, कठडा हलवून पाहिला, दोन ठिकाणी हातोडीनं ठोकलं.

"उस्ताद, एकदम बराबर है."

"रंग खरवडून बघ. एक-एक टाका नवा मार."

"आपके जोड पे मैं रॉड मारूं? लोक मला चपलेनं मारतील," हिरासिंग म्हणाला आणि सोनाजीच्या पाया पडला. पाया पडणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मास्तरांनी तोवर वर हाक मारली होती, आणि अभ्यासिकेतली दहा-बारा पोरंपोरी बाहेर वळणावर येऊन उभी राहिली होती, सगळ्यांत पुढं ऐश्वर्या. "बाबायला शंका आलीय रे, जिना कच्चा हाय म्हनं. मारा उड्या! एक, दोन—"

"नको!" सोनाजी ओरडला. ते ओरडणं हशात बुडून गेलं. तीनला सगळ्यांनी उडी मारली. तो खाली होता, त्याचा तळवा जिन्याच्या लोखंडावर. धक्का वरून निघाला आणि खाली आला. तळव्यातून त्याला तो उतरताना कळला. कुठं सरळ आला, कुठं अडखळला, बोबड्या माणसाच्या तोंडातल्या शब्दासारखा थांबून थांबून आला. तीन ठिकाणी. कदाचित चार. मग लोखंड गप्प झालं. जिना उभा होता. वरून टाळ्या, शिट्ट्या. "बघा आबा, तुमचा हत्तीचा जिना!" ऐश्वर्या ओरडली, आणि तिनं एकटीनं आणखी एक उडी मारली.

पडला असता तर? मग आणखी एक विचार त्याला शिवून गेला आणि त्याची त्याला अजून शिसारी आहे: पडला नाही, म्हणजे आता पुन्हा सांगायला नको.

रविवारी अभ्यासिका बंद असते. रविवारी तो एकटा गेला, जिन्याखाली शिरला आणि तिसऱ्या पायरीचा रंग स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. पांढरा भुगा तळहातावर पडला. टोक आत शिरलं, नखभर, बोटाच्या पेराएवढं. लोखंड लागलंच नाही. आता पुरावा होता. मास्तरांना हात धरून आणायचं आणि दाखवायचं, बोलायचीसुद्धा गरज नाही. तो जिन्याखाली बसून राहिला. बाहेर निंबावर कावळ्यांचं काहीतरी चाललं होतं. विहारातून उदबत्तीचा वास येत होता. दगडोबाचा मुलगा, त्यानं विचार केला, दगडोबाचा मुलगा सोनाजी. मग त्यानं तळहातावरचा भुगा थुंकीत कालवला, फटीत दाबला आणि बोटानं सारखा केला. वर निळा रंग लावला. स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाला तेव्हा दुसऱ्या खिशात निळ्या रंगाची डबी कशासाठी घेतली होती, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

घरी जनकाबाईनं तुटलेला अँगल तुराटीला बांधून मांडव उभा केला होता. एका कोपऱ्यात तुराटी, तीन कोपऱ्यांत लोखंड; दोडके लागत होते. तिनं त्याच्या निळ्या बोटांकडं पाहिलं. "तुमाला दिसत न्हाई ह्ये मला दोन वरसापासून ठावं हाय," ती म्हणाली. "भाजीत मीठ शोधाया डबे हुंगता तुमी. म्या म्हनलं, ज्याचं त्यानं सांगावं."

"काहून इचारलं न्हाई?"

"इचारलं असतं तं तुमी खरं सांगितलं असतं व्हय?" ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "आनखी काय हाय? दोन दिस जेवले न्हाईत तुमी."

तिच्या कानाकडं पाहिलं की तिचा चेहरा दिसत होता. सुरकुत्या, कुंकवाविना मोकळं कपाळ, ओठांवर थांबलेलं काहीतरी. तिला सांगितलं असतं तर ती तशीच पदर खोचून विहारात गेली असती. म्हणूनच सांगितलं नाही. "काय न्हाई," तो म्हणाला. "डोळ्याचंच."

सोमवारपासून तो जिन्यावर जाऊन बसू लागला. तिसऱ्या पायरीवर, मधोमध, पाय पसरून, म्हणजे एका वेळी एकालाच बाजूनं जाता येईल. एवढंच त्याला सुचलं. म्हाताऱ्याला आपल्या जिन्याचा लई अभिमान, असं लोक म्हणाले. दोन दिवस युक्ती चालली. पोरं एकेक करून, त्याच्या खांद्याला हात लावून वर जायची. तो त्यांची वजनं पायरीवरून ओळखायला लागला; प्रत्येकाच्या पावलाबरोबर त्याचा श्वास अडायचा आणि वरचं दार वाजलं की सुटायचा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका पोरीनं विचारलं, "बाबा, त्या फाटकाचं सांगा ना." ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली. तिच्याशेजारी आणखी दोघी. निंबाची सावली नेमकी जिन्यावर पडायची. अंगण उन्हात भाजत होतं. "खाली बसा, वट्यावर," तो म्हणाला. कुणी हललं नाही. सांगत राहिला तर पायऱ्यांवर गर्दी वाढत होती. गप्प बसला तर सगळी एकदम उठून, ढकलाढकली करत, वर पळत होती. त्यातल्या त्यात बसलेलं वजन हलत तरी नाही, म्हणून तो सांगत राहिला. जीप सांगितली, फाटक सांगितलं. रोज डबे उघडले जात, पोळीभाजीचा वास जिनाभर पसरे, आणि त्याचा उजवा हात पायरीखाली, अंगठा पुट्टीच्या रेघेवर.

आज त्याला रेघ वेगळी लागली. काल ती नुसती रंगाची होती. आज तिला कड होती, केसाएवढी. अंगठ्याचं नख तिच्यात अडकत होतं. त्यानं नख काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा अडकलं. आजूबाजूला आठ-दहा जण बसले होते. ऐश्वर्या त्याच्या मागच्या पायरीवर, तिचे गुडघे त्याच्या पाठीला टेकलेले. तिचं ऊबदार, पळून पळून घट्ट झालेलं वजन त्याला लोखंडातूनही कळत होतं आणि पाठीतूनही.  जीभ टाळ्यावरून सुटली. आता, त्याला वाटलं. आता शब्द मोकळा झाला.

"पोरायनो, ऐका," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आता ह्ये खरं सांगतो."

 वळणापासून खालपर्यंत आनंदाची आरोळी उठली. "बाबा सुरू झाले रे!" कुणीतरी वर ओरडलं, अभ्यासिकेचं दार उघडलं, आत राहिलेली सगळी पुस्तकं मिटून बाहेर आली आणि दण दण दण खाली उतरली. सरका, सरका, म्हणत एकेका पायरीवर तिघं तिघं दाटीनं बसली. लोखंड तळव्याखाली हळूच शहारलं. नख रेघेत आणखी आत गेलं. सुपारी फोडल्यासारखा एक बारीक आवाज झाला, आणि तो फक्त त्यानं ऐकला.

"हत्तीची सांगा, आबा," ऐश्वर्या त्याच्या कानाशी म्हणाली.

सोनाजीनं मान मागं वळवून तोंड उघडलं. वर तीस चेहरे असतील. मधला एकही दिसत नव्हता, सगळे त्या राखाडी टिकलीखाली.

"कुनी हलू नका," तो म्हणाला. "अजिबात हलू नका. तर हत्ती... हत्ती तवा तीन व्हते."